जुनी साक्ष चालणार नाही

माझ्या धाकट्या दिरांना आजही वाटतं, की उभ्या नोकरीत मी आठवड्याला एक तास काम केलं. "वहिनी, रविवारी सकाळी प्रवचन दिलं की सहा दिवस सुट्टीच की तुम्हाला!" असं ते दर दिवाळीला म्हणतात आणि दर नाताळाला पुन्हा म्हणतात. मी त्यांना चकल्या वाढते आणि गप्प बसते. गप्प बसणं हाही आमच्या कामाचाच भाग आहे.

मी चर्चमध्ये पाळक होते. जालना जिल्ह्यात फिरत फिरत नोकरी झाली, आणि शेवटची नेमणूक वाटूरजवळच्या एका खेड्यातल्या मंडळीत. मंडळी म्हणजे चर्चची माणसं. इमारत पडली तरी मंडळी उरते, अशी आमची समजूत. बाई पाळक आली की लोकांची मोठी पंचाईत व्हायची. नव्या गावी गेलं की माझ्या नवऱ्याला सगळे 'पाळकसाहेब' म्हणून सलाम घालायचे आणि मला विचारायचे, "बाई, चहा ठेवता का?" नवरा पोस्टात कारकून. तो शांतपणे सांगायचा, "पाळक त्या आहेत. चहा मी ठेवतो." आणि खरंच ठेवायचा. माझ्यापेक्षा बराच चांगला.

तर पाळक आठवडाभर काय करतो? आजाऱ्याच्या खाटेशी बसतो, लग्न लावतो, माती देतो, नवरा-बायकोची भांडणं ऐकतो आणि कुणाची बाजू घेतली नाही म्हणून दोघांच्याही शिव्या खातो. पण हे सगळं वरचं काम. खरं काम एकच, माणसं देवावरच्या विश्वासात मोठी करायची. इथेच सगळी गोची आहे! शेतकऱ्याला पीक दिसतं, गवंड्याला भिंत दिसते. आमचा माल दिसत नाही. माणूस सत्तरीला येतो, नातवंडं अंगावर खेळतात, आणि विश्वास मात्र अजून पाळण्यात, दुधाची बाटली तोंडात! अंगानं मोठी झालेली माणसं आत दुधावरच राहिली, ही तक्रार शास्त्रात, म्हणजे बायबलातसुद्धा आहे. म्हणजे आमच्या धंद्यातली मुख्य अडचण तेव्हापासून बदललेली नाही.

गिऱ्हाइकं तर एकेक अशी! एक बाई म्हैस गाभण राहावी म्हणून मला प्रार्थनेला बोलवायची. राहिली. पेढे वाटले. पुढच्या महिन्यात तीच बाई रागानं लाल होऊन दारात. का? तर प्रार्थना न करता शेजारणीची म्हैस जास्त दूध देत होती. एक तरुण तलाठ्याच्या परीक्षेला बसायचा. पुस्तक उघडायचं नाही, पण डोक्यावर हात ठेवून घ्यायला रांगेत पहिला. आणखी एक जण दर वर्षीच्या मोठ्या सभेत नव्यानं तारण पावायचा, म्हणजे देवानं आपल्याला पापातून सोडवलं असं जाहीर करायचा. रडायचा, गुडघे टेकायचा, सगळं साग्रसंगीत. मी एकदा विचारलं, "भाऊ, मागच्या सालच्या तारणाचं काय झालं?" तो म्हणाला, "बाई, ते टिकलं न्हाई."

हसू येतं, पण या माणसांवर माझा फार जीव. देवाचं दार वाजवायला तरी येत होती ना! मात्र दार वाजवून वाजवून एखादा कधी तरी आत येऊन बसेल, घरातल्या माणसासारखा उठून पाणी घेईल, ही वाट बघण्यात माझं आयुष्य गेलं. आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षात मला तसा एक माणूस बघायला मिळाला. एक म्हणता दोन. तीच गोष्ट सांगायची आहे. आठवलं तरी मला एका जागी बसवत नाही.

आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. गाणी होतात, शास्त्रवाचन होतं आणि मग साक्षी. साक्ष म्हणजे देवानं माझ्या आयुष्यात काय केलं, ते उभं राहून चारचौघांत सांगायचं. सुंदर प्रथा आहे. फक्त काय होतं, माणसाला एक साक्ष सापडली की तो ती सोडत नाही. कुणाचा टायफॉइड, कुणाची अडलेली बाळंतीण, कुणाची एसटी घाटात उलटता उलटता वाचलेली. दर शनिवारी तेच.

या सगळ्यांचे राजे म्हणजे याकोबदादा. मंडळीतले सगळ्यात जुने सभासद. पांढरीशुभ्र टोपी, मोसंबीची बाग, आवाज असा की माइक लाजावा. त्यांची विहिरीची साक्ष पार जालन्यापर्यंत प्रसिद्ध होती. चाळीस वर्षं ती साक्ष ते देत होते. सभा भरली की लोकच म्हणायचे, "दादा, विहीर सांगा!"

दादा उठायचे, टोपी सारखी करायचे. "चोवीस वर्षांचा गडी मी. इंजिनाचा पाइप नीट करायला विहिरीत उतरल्तो. पाय सटकला! पाणी दोन पुरुष. पोहता येत न्हाई. एकदा खाली गेलो, वर आलो. दुसऱ्यांदा गेलो, वर आलो. तिसऱ्यांदा म्हणलं, प्रभू, आता तूच! अन् वरून दोर आला." इथे ते थांबायचे. एक बोट आभाळाकडे जायचं. "तो दोर कोणाचा व्हता?"

आणि आख्खं अंगण गरजायचं, "प्रभूचा!"

मी दर वेळी गरजले आहे. अंगावर काटा यायचा, खोटं कशाला सांगू? पण हळूहळू मला टोचायला लागलं. दादांचा देव चाळीस वर्षं त्या विहिरीच्या काठावरच उभा होता. त्यानंतर त्यानं काही केलंच नाही का?

नव्या वर्षाच्या पहिल्या शनिवारी सभा दादांच्याच अंगणात होती. मी उभी राहिले आणि जाहीर केलं, "आजपासून जुनी साक्ष चालणार नाही. देवानं अलीकडे काय केलं, ते सांगायचं. टायफॉइड बंद. एसटी बंद."

मग जे काही सुरू झालं, त्याची मजा काय सांगू! म्हशीवाली बाई उठली. म्हणाली, "मी शेजारणीला विचारलं, तुझ्या म्हशीला चारा कोणता घालतेस. तिनं सांगितलं. तीन वर्षांनी आमी बोललो." आणि लाजून मटकन खाली बसली. तलाठीवाला म्हणाला, "मी पुस्तक उघडलं. लई अवघड हाय." मी उडी मारायची बाकी होते. अरे, ही माणसं वाढताहेत! माझ्या डोळ्यांदेखत वाढताहेत!

मग याकोबदादा उठले. टोपी सारखी केली. "चोवीस वर्षांचा गडी मी..."

"दादा," मी म्हटलं, "ती नको. अलीकडची सांगा."

दादा तसेच उभे. तोंड उघडं, बोट अर्धवट वर. मग ते सावकाश खाली बसले. टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

पुढच्या शनिवारी दादा आले नाहीत. रविवारी उपासनेलाही नाहीत. असं कधीच घडलं नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही त्यांची जागा रिकामी. चर्चचे पंच माझ्यावर तुटून पडले. "बाई, खांब हलवला तुमी. आता छप्पर सांभाळा." टायफॉइडवालं कुटुंब तर रागानं दुसऱ्या चर्चला जायला लागलं, ते आजतागायत परत आलेलं नाही. त्याची मला खंत आहे. पण दादांबद्दल मला खंत नव्हती, त्यांच्यासाठी भीती वाटत होती. म्हातारा माणूस, एका साक्षीवर चाळीस वर्षं उभा. ती मी काढून घेतली. आता तो कशावर उभा राहणार?

तेवढ्यात त्यांच्या बायकोचा, शांताआक्कांचा फोन. "पाळकबाई, या हो तुमी. जेवत न्हाईत बराबर. नुसते बागेत बसून राह्यलेत."

मी स्कूटी काढली आणि निघाले. दादा बांधावर बसले होते. बाग ताणावर होती. ज्यांना मोसंबी फक्त रसाच्या गाड्यावरच माहीत आहे, त्यांच्यासाठी सांगते. मोसंबीला फूल हवं असेल तर तिचं पाणी काही दिवस तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड मलूल होतं, पानं पिवळी पडून गळतात, परका माणूस म्हणेल, मेलं. मग पाणी सोडायचं, की झाड फुलानं लदबदतं. सतत पाणी मिळालं तर नुसती पानं येतात, फळ नाही.

दादांनी एक पिवळं पान उचललं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, ताण मलाबी देता येतो. पण किती द्यायचा ते कळावं लागतंय. जास्त झाला की झाड उठत न्हाई."

मी माफी मागायला आले होते, "सांगा तुमची विहीर, खुशाल सांगा" असं म्हणायला. ते शब्द ओठांवर आलेही होते. पण विहीर समोरच होती, बागेच्या कोपऱ्यात, आणि तिच्याकडे बघताना माझ्या मनात एक साधाच प्रश्न आला. चाळीस वर्षांत तो कुणीच विचारला नव्हता.

"दादा, तुम्ही खाली होता. तेव्हा वर कोण होतं?"

दादांनी मान फिरवली. शांताआक्का मागे भाकरी घेऊन उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, "सांगा की आता. शिमोनभावजी व्हते."

शिमोन म्हणजे दादांचा धाकटा भाऊ. मी या मंडळीत इतकी वर्षं काढली, हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या दिवशी शिमोन विहिरीच्या काठावर होता. अठरा वर्षांचा, अंगानं काडी. त्यानं म्हशीचा दोर सोडून खाली टाकला आणि दादांना एकट्यानं वर ओढलं. पुढे दोन वर्षांनी मोठी सभा भरली, आणि दादांनी पहिल्यांदा ही साक्ष मांडवात दिली. "तो दोर कोणाचा व्हता?" असं त्यांनी विचारलं, तर मागून शिमोन हसत ओरडला, "आपल्या म्हशीचा! अन् धरला मी व्हता, दादा!" मांडव हसला. वडीलधारे मात्र भडकले. देवाचं श्रेय घेतोस, गर्विष्ठ पोरा, असं सगळ्यांसमोर त्याला झापलं. शिमोननं वर, मंचावरच्या दादांकडे बघितलं.

"अन् तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काहीच न्हाई," दादा म्हणाले. "लोक हालेलुया म्हणून राह्यलते, बाई."

शिमोन उठून गेला. नंतर सासुरवाडीला, टेंभुर्णीला, जाऊन राहिला. पुन्हा कुठल्याच चर्चची पायरी चढला नाही. आई-बापाच्या मातीला आला, पण दादांशी बोलला नाही.

दादांनी पान चुरगळलं. "मंग माझी साक्ष खोटी का, बाई? इतकी वर्षं मी लोकांना खोटं सांगून राह्यलो?" त्यांचा तो माइक लाजवणारा आवाज पार बसला होता.

"खोटी नाही, अर्धी आहे," मी म्हटलं. "देवानं वाचवलं, हे खरंच. पण तुमचा देव मोठा दिसावा म्हणून तुम्ही भावाला पुसून टाकलं. देवाला त्याची गरज नव्हती हो." मी काही फार विचार करून बोलले नाही, ते आपोआप तोंडातून आलं. आणि बोलता बोलता मलाच कळलं, की पोरकट विश्वास आणि पिकलेला विश्वास यांत हाच तर फरक आहे! पोरकट विश्वासाला जिथे माणूस नाही तिथेच देव दिसतो. पिकलेल्याला तो दोर धरणाऱ्या माणसातही दिसतो. इतकी प्रवचनं दिली मी, आणि हे मला एका वाळत्या बागेत कळलं!

दादांनी चुरगळलेलं पान टाकून दिलं. मग शांताआक्कांना म्हणाले, "भाकर आण इकडं." जेवले. हात धुतले. "टेंभुर्णीची गाडी कवा हाय?"

आम्ही दोघं गेलो, जालन्याला गाडी बदलून. दादांच्या पिशवीत हुरडा होता. शिमोनला लहानपणी फार आवडायचा म्हणे. रस्ताभर दादा काय बोलायचं ते घोकत होते आणि दर फाट्यावर म्हणत होते, "बाई, त्यानं हाकलून दिलं तर?" मी म्हणत होते, "देणार नाही." आतून मलाही धाकधूक. इतक्या वर्षांची अढी, ती काय हुरड्यानं निघते?

शिमोनची पिठाची गिरणी बाजाराच्या तोंडाशीच होती. गिरणी चालू, पट्टा गरगर फिरतोय, पाच-सहा बाया डबे घेऊन उभ्या. शिमोन पिठानं पांढरा, भुवयासुद्धा. त्यानं दादांना बघितलं. ओळखलं, हे मला दिसलं. पण तो पुन्हा डब्यात पीठ भरायला लागला.

"शिमोन!" दादा म्हणाले. "जरा गिरणी बंद कर."

"गिऱ्हाईक थांबलंय," शिमोन मान वर न करता म्हणाला.

मग दादांनी काय करावं? टोपी सारखी केली आणि गिरणीच्या खडखडाटावर, बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "दोर तू धरला व्हता!"

शिमोननं कानाला हात लावला. "ऐकू न्हाई आलं."

"दोर तू धरला व्हता! मी विहिरीत व्हतो! तू वर व्हता!"

"काय?"

"मी लोकांना सांगितलं न्हाई! तुला झापलं तवा मी गप राह्यलो! चुकलो मी! माफ कर मला!" दादांच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. डबेवाल्या बाया आ वासून बघताहेत. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही येत होतं, काय करू?

शिमोननं हात पुसले आणि गिरणी बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. तो म्हणाला, "पहिल्या वेळीच ऐकू आल्तं. पण लई वर्षं वाट बघितली, म्हणलं, तीनदा तरी ऐकावं."

एक डबेवाली डोळे पुसत शिमोनला म्हणाली, "अहो, नाष्ट्याचं तरी विचारा पाहुण्यांना." शिमोननं दोन्ही हात दादांपुढे पसरले. दोन्ही तळव्यांवर आडवे, पांढरट जुने वण होते, दोरानं सोलल्याचे. दादांनी ते हात आपल्या हातांत घेतले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. पीठ दादांच्या टोपीला, सदऱ्याला, सगळीकडे.

पण निघताना मी म्हटलं, "शिमोनभाऊ, शनिवारी या आमच्याकडे," तर तो पुन्हा आखडला. "दादाकडं येईन. तुमच्या सभेला न्हाई, बाई. तिथं मला एकदा बसवलंय खाली."

बागेला पाणी सोडलं होतं. फेब्रुवारीत फूल आलं. मोसंबीच्या फुलाचा वास ज्यानं घेतला नाही, त्याला मी काय सांगणार! आख्खी वाट दरवळत होती. त्या दिवसांतल्या एका शनिवारी सभा पुन्हा दादांच्या अंगणात होती. दादा उठले. टोपी सारखी केली. मंडळी माझ्याकडे बघायला लागली, आता बाई काय करते म्हणून.

"चोवीस वर्षांचा गडी मी," दादांनी सुरू केलं, आणि मी त्यांना अडवलं नाही. विहीर आली, पाय सटकला, एकदा, दोनदा. "वरून दोर आला. तो दोर कोणाचा व्हता?"

"प्रभूचा!" अंगण सवयीनं गरजलं.

"थांबा!" दादा म्हणाले. "अजून संपलं न्हाई. दोर म्हशीचा व्हता. अन् धरला व्हता माझ्या भावानं, शिमोननं. ते मी तुमाला चाळीस वर्षं सांगितलं न्हाई. हे अलीकडं देवानं माझ्यात केलं, बाई. ही माझी साक्ष."

कुणी हालेलुया म्हटलं नाही. तेवढ्यात शांताआक्का उठून फाटकाकडे बघायला लागल्या. फाटकाबाहेर, अंधारून आलेल्या बांधावर, शिमोन उभा होता. सभेला येणार नाही म्हणाला होता, आणि शब्द पाळून तो बाहेरच उभा होता.

दादांनी नुसती हाक मारली, "शिमोन, ये ना रे." तो आला. अंगणाच्या कडेलाच थांबला. कुणी तरी खुर्ची पुढे केली, ती त्यानं घेतली नाही. मी म्हटलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"मला साक्षबिक्ष येत न्हाई," तो म्हणाला. आणि मग आपल्या तळव्यांकडे बघत बोलायला लागला, गिरणीवरच्या आवाजापेक्षा अगदी हळू. "दादा खाली व्हता. मी वर. दादा पैलवान गडी, मी काडी. दोर तळहातातून सरकून राह्यला, कातडं निघालं. मला वाटलं, सोडावा. खरंच सोडणार व्हतो. लोकांपुढं मी म्हणलं, दोर मी धरला. धरला मीच. पण इतकी ताकद माझ्यात कुठून आली, मी का सोडला न्हाई, ते मला आजवर बिलकुल कळलं न्हाई."

याकोबदादा ताडकन पुढे झाले. दोन्ही हात वर, डोळ्यांतून धारा.

"अरे बाबा," ते ओरडले, "चाळीस वर्षं मी तेच तर सांगून राह्यलो ना!"